"मोठी बहीण मेली कशाला?" आफ्रिकन लोककथा, पोरं आणि आतलं सौंदर्य

गोदाकाठ:

नमस्कार मंडळी. बऱ्याच दिवसांनी धागा काढतेय.

आमच्या सोसायटीत दर रविवारी संध्याकाळी मी गोष्टींचा तास घेते. सहा ते दहा वयाची पंधरा-सोळा पोरं येतात. पंचतंत्र झालं, इसाप झाला, बिरबल तर आता तीच मला सांगतात. मागच्या महिन्यात एक मुलगी सहज बोलल्यासारखं म्हणाली, "गॅदरिंगच्या नाचात मी मागच्या रांगेत आहे, कारण मी काळी आहे." तक्रार नव्हती, नुसती माहिती दिली. मला रात्रभर झोप नाही. मग ठरवलं, दिसण्यापलीकडच्या, "स्वतःसारखं असावं" हे सांगणाऱ्या गोष्टी सांगायच्या, आणि त्याही आफ्रिकेतल्या.

पहिलीच निवडली ती दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांची पाच डोक्यांच्या राजाची. एका माणसाला दोन मुली, थोरली म्पुंझिकाझी आणि धाकटी म्पुंझन्याना. (नावं ऐकून पोरं दहा मिनिटं नुसतं "म्पु म्पु" करत होती.) नदीपलीकडच्या राजाला बायको हवी असते. थोरली म्हणते, मी जाणार, आणि वऱ्हाड नको, एकटीच जाणार. वाटेत उंदीर म्हणतो, वाट दाखवू? ती त्याला हाकलते. बेडकाला म्हणते, मी राणी होणार, तू कोण माझ्याशी बोलणारा? भुकेल्या गुराख्या पोराला घासभर देत नाही. दगडापाशी बसलेली म्हातारी सांगते, पुढे झाडं तुला हसतील, तू हसू नको. दही दिसेल, खाऊ नको. काखेत डोकं घेतलेला माणूस पाणी देईल, पिऊ नको. ही सगळं उलट करते. पोचल्यावर दळण जाडंभरडं, भाकरी बेकार. संध्याकाळी वारा सुटतो, घर हलतं आणि पाच डोक्यांचा नाग येतो. भाकरी चाखतो, "तू माझी बायको नव्हेस" म्हणतो आणि शेपटीच्या एका फटक्यात तिला मारतो.

धाकटी वऱ्हाडासोबत जाते, सगळ्यांशी नीट बोलते, बारीक दळते, नागाला घाबरत नाही. नागाचा माणूस होतो. माकांडा माह्लानू त्याचं नाव, म्हणजेच पाचडोक्या.

मी खुशीत विचारलं, काय कळलं? तर एक सात वर्षांचा म्हणाला, "मोठी बहीण मेली कशाला? तिला एकदा परत पाठवायचं ना, नीट भाकरी शिकून ये म्हणून." आणि ज्या मुलीसाठी हा सगळा खटाटोप, ती म्हणाली, "धाकटी दिसायला कशी होती ते सांगितलंच नाहीस."

दोन्ही प्रश्नांना माझ्याकडे उत्तर नव्हतं. मरण गाळून सांगायचं का? आणि राजाशी लग्न हेच बक्षीस नसलेल्या गोष्टी कुणाला ठाऊक आहेत का?

टोमणेबहाद्दर:

म्हणजे मनाने सुंदर असलेल्या मुलीला बक्षीस काय, तर पाच डोक्यांचा नवरा. पाच डोकी म्हणजे पाच तोंडं. भाकऱ्या किती लागत असतील रोज?

कातरवेळ:

बहाद्दर, :) :) पण मुद्दा चूक नाही.

गोदाकाठताई, ही गोष्ट वाचताना मला आजीची श्रावणातली कहाणी आठवली, शिवामुठीची. आटपाट नगरच्या राजाला चार सुना, तीन आवडत्या, एक नावडती. नावडतीला उष्टं खायला, जाडंभरडं नेसायला, गुरांच्या बेड्यात राहायला. तीही रानात जाते, तिथे नागकन्या-देवकन्या भेटतात, ती त्यांना विचारते, त्या सांगतात तसं करते. वाट, भेट, विचारणं, ऐकणं. सांगाडा बराचसा तोच. आणि ती नावडती का, हे कहाणी कधीच सांगत नाही. काळी? कुरूप? गरिबाची? मी लहानपणी विचारलं तेव्हा आजी म्हणाली, "नावडती म्हणजे नावडती. कारण लागतंय होय?"

तुमच्या मुलीचा प्रश्न मला म्हणूनच फार आवडला. धाकटी कशी दिसत होती हे गोष्टीला सांगायची गरजच वाटली नाही. ते आपण ऐकणारे शोधत बसतो.

अभ्यासकांनी असल्या गोष्टींचा एक गटच केलाय, दयाळू मुलगी आणि तुसडी मुलगी असा. युरोपातही आहेत, बंगालमध्ये सुखू-दुखू आहे.

पेठेतलाफ्रेंच:

याच गटातली सेनेगलची सांगतो. मी फ्रेंच शिकवतो, वर्गात दरवर्षी घेतो. वोलोफ लोकांची कथा आहे, बिरागो दियोप यांनी ती १९५८च्या त्यांच्या संग्रहात लिहून काढली.

कुंबा नावाच्या दोन मुली. एकीला आई आहे, एकीला नाही. त्यांची नावंच ती: आईवाली कुंबा आणि बिनआईची कुंबा. एक दिवस बिनआईच्या कुंबाकडून एक पळी उष्टी राहते. सावत्र आई म्हणते, जा, दान्यानच्या समुद्रात धुऊन आण. आता हा समुद्र कुठे ते कुणालाच ठाऊक नाही. पोरगी निघते. वाटेत बोरीचं झाड स्वतःच स्वतःची बोरं झोडपतंय. कुंबा गुडघे टेकून नमस्कार करते. झाड विचारतं, कुठे निघालीस, आणि वाट सांगतं. शेवटी भेटते एक विचित्र म्हातारी, सगळ्या जनावरांची आई. ती तिच्या हातावर एक हाड ठेवते, म्हणते शिजव. पोरगी "एका हाडाचं काय शिजणार" असं म्हणत नाही. हाड टाकते, भांडं मटणाने भरतं. एक दाणा कांडते, उखळ भरतं. रात्री म्हातारी तिला पलंगाखाली लपवते, कारण तिची लेकरं म्हणजे हिंस्र जनावरं घरी यायची असतात. निघताना तीन अंडी देते, त्यांतून धनदौलत निघते.

मग आईवाली कुंबा मुद्दाम पळी उष्टी ठेवून निघते. बोरीचं झाड बघून खदखदून हसते, "अगबाई, हे काय!" पुढचं ओळखता येईल. तिच्या अंड्यांतून श्वापदं निघतात.

मरण इथेही आहे, गोदाकाठताई. पण इथे लग्न नाही, राजा नाही.

मला यात आवडतं ते असं की परीक्षा सौंदर्याची नाहीच. विचित्र काहीतरी समोर आलं, आपण स्वतःलाच झोडपणारं झाड म्हणू, तर तू हसतेस का, एवढंच बघितलंय. तुमच्या मुलीला मागच्या रांगेत उभं करणाऱ्यांची गोष्ट आहे ही. मागच्या रांगेतल्या मुलीची नव्हे.

गोदाकाठ:

शेवटची दोन वाक्यं दोनदा वाचली, सर.

सुपारीबागायतदार:

वाचनखूण साठवली. आमच्याकडे एक बिनआईची आहे, भावाची लेक. आमच्याकडेच असते. तिला सांगू की नको?

पेठेतलाफ्रेंच:

मी सांगितली असती. पण आधी सावत्र आई कथेत ठेवायची का, ते घरचं बघून ठरवा.

लागोसरिटर्न:

कामानिमित्त सहा वर्षं नायजेरियात, लागोसला होतो. तिथे योरुबा लोकांत एक वचन आहे, "इवा लॅवा". इवा म्हणजे स्वभाव, वागणूक. ॲवा म्हणजे सौंदर्य. स्वभाव हेच सौंदर्य. ऑफिसात कुणी तोऱ्यात आलं की मागून कुणीतरी हळूच पुटपुटायचं. म्हणजे सुभाषित म्हणून भिंतीवर टांगलेलं नव्हे, रोजच्या वापरातलं, टोमण्याच्या सोयीचं.

याची एक कथाही आहे, इफा या भविष्यकथनाच्या परंपरेतली. पुरोहित ती तोंडपाठ म्हणतात, वांदे अबिम्बोला यांनी त्यावर लिहिलंय. ओरुन्मिला हा ज्ञानाचा देव. त्याची बायको इवा. दिसायला अप्रतिम, पण सवयी घाणेरड्या, राहणी गबाळी. तो वैतागून तिला घालवून देतो. ती गेल्यावर त्याचं सगळंच जातं, मान, माणसं, पैसा. मग तो दारोदार गाणं म्हणत फिरतो, इवा दिसली का, कुणी इवा पाहिली का. आता गंमत बघा. जिचं नावच चारित्र्य, तिचं वागणं चांगलं नाही! आणि ती लेक कुणाची? सुरूची. सुरू म्हणजे सबुरी. म्हणजे चारित्र्य हवं असेल तर आधी सबुरीला सासरा करा.

मोठ्यांसाठी ही कथा सोनं आहे. सहा वर्षांच्या पोरांना मात्र डोक्यावरून जाईल.

पोरांना सांगायची ती कवटीची. नायजेरियातल्याच कॅलाबारच्या एफिक लोकांची. कोभम टाउनमधली अफियोंग नावाची देखणी मुलगी. येईल त्या स्थळाला नाही म्हणते, तिला गावातला सगळ्यात देखणा नवरा हवा. मृतांच्या देशातली एक कवटी हे ऐकते. कवटीच ती, बाकी काही नाही. ती मित्रांकडून उसनं घेते: एकाचं देखणं डोकं, एकाचं धड, एकाचे दणकट हात, एकाचे पाय. बाजारात येते, अफियोंग भाळते, लग्न करून निघते. सीमेपलीकडे पाऊल पडतं आणि एकेक मित्र येऊन आपापला माल परत मागायला लागतो. पाय गेले. हात गेले. धड गेलं. डोकं गेलं. घरी पोचते तेव्हा नवरा म्हणजे जमिनीवरून घरंगळणारी कवटी.

पण पोरीचा स्वभाव मुळात चांगला. ती कवटीच्या म्हाताऱ्या आईची सेवा करते. म्हातारीला दया येते. ती कोळ्याला बोलावून पोरीची वेणीफणी करवते (कोळी तिथला नामांकित केशभूषाकार!) आणि वाऱ्याला हाक मारते. आधी गडगडाटी वादळ येतं. म्हातारी म्हणते, तू नको, चालता हो. मग मंद झुळूक येते, ती पोरीला अलगद घरी सोडते.

पोरांचा_मामा:

लागोसदादा, नाद खुळा! ही मी शिबिरात सांगितली होती. आम्ही जुन्या शर्टांचे हात, बूट, टोप्या असं सगळं एका पोरावर चढवलं आणि मग एकेकाने येऊन "माझा हात दे", "माझा बूट दे" करत काढून घेतलं. पोरं हसून लोळली. शेवटी तो पोरगा गंजिफ्रॉक-चड्डीवर उभा. म्हणाला, "मी तर अजून तसाच आहे की." मी हे शिकवलेलं नव्हतं, शप्पथ.

चिकित्सक:

मजा चालू आहे, विरजण घालतो, माफी असावी.

कवटीची ही कथा एल्फिन्स्टन डेरेल या इंग्रज अधिकाऱ्याने १९१०च्या संग्रहात छापली. तिथे तिचं नाव काय आहे? कवटीशी लग्न करणारी "अवज्ञाकारी" मुलगी. आणि लागोसरिटर्न यांनी शेवट गाळलाय. घरी आल्यावर तिचं लग्न लागतं बापाच्या एका मित्राशी. राजा कायदा करतो की परक्या मुलखातल्या माणसाला मुली द्यायच्या नाहीत. म्हणजे स्वतःच्या पसंतीने नवरा निवडणारी मुलगी धडा शिकून वडील सांगतील तिथे उभी राहिली. यात "स्वतःसारखं असावं" हा संदेश कुठे आहे? उलटाच आहे.

पाच डोक्यांच्या राजाचंही तेच. थोरलीचा पहिला गुन्हा काय? "मी एकटी जाणार." तिथल्या लोकांना हे खटकतं, कारण त्यांच्याकडे माणूस माणसांमुळे माणूस होतो असं म्हणतात. तिथल्या झुलू भाषेत "उमुन्तु न्गुमुन्तु न्गाबान्तु". तो विचार थोर आहेच. पण त्याला आजच्या "स्वतःचं वेगळेपण जपा" या बरणीत भरून विकू नका.

आणि ही कथा छापणारे जॉर्ज मॅकॉल थील. त्यांच्या १८८२च्या संग्रहाच्या नावातच असा शब्द आहे जो आज दक्षिण आफ्रिकेत शिवी मानला जातो. मिशनरी आणि साहेब लोकांनी ऐकलं, निवडलं, इंग्रजी केलं, मथळे दिले. कुठली आजी ती गोष्ट कशी सांगत होती, कुठे हसत होती, ते गेलं.

लागोसरिटर्न:

शेवट गाळला हे खरं. मुद्दाम गाळला. बापाच्या मित्राशी लग्न हे मी कुठल्याच पोरासमोर सांगणार नाही. पण "चांगला आदर्श" म्हणूनही मी ती सांगत नव्हतो. उसन्या हातापायांचं चित्र सांगत होतो. त्याच चित्राला आमोस टुटुओला यांनी १९५२मध्ये आणखी फिरवलं. त्यांच्याकडे तो देखणा गृहस्थ अवयव भाड्याने आणतो आणि परत करताना भाडं चुकतं करतो! डेरेलच्या मथळ्याने कथा संपत नाही, हे एका नायजेरियन लेखकानेच दाखवलं.

चिकित्सक:

टुटुओलांचं मान्य. गाळण्याचं अमान्य. मुलं शेवट विचारतातच.

टोमणेबहाद्दर:

भाडं + डिपॉझिट की नुसतं भाडं?

इतिहासाचं_वेड:

चिकित्सक यांचं वाचून वाटलं, लग्नं आणि तुसड्या बहिणी सोडून पश्चिम आफ्रिकेतल्या मालीकडे जावं. सुंजाताची कथा. माली साम्राज्याचा संस्थापक, तेराव्या शतकातला. ग्रियो म्हणजे तिथले पिढीजात गायक-इतिहासकार, आपल्या शाहिरांची आठवण यावी असे. मामादू कुयाते या ग्रियोच्या तोंडून ऐकून जिब्रिल तामसिर नियान यांनी ती १९६०मध्ये फ्रेंचमध्ये आणली.

सुंजातापेक्षा त्याची आई मोठी आहे, सोगोलोन. दो नावाच्या मुलखात एक रानरेडा माजलेला असतो, तो खरं तर एका म्हातारीने घेतलेलं रूप. दोन शिकारी भाऊ या म्हातारीशी माणुसकीने वागतात, तेव्हा तीच त्यांना स्वतःला मारायचं गुपित सांगते. बदल्यात एक अट. राजा बक्षीस म्हणून हवी ती मुलगी निवडायला सांगेल, तेव्हा सगळ्यात कुरूप, बाजूला बसलेली, पाठीवर कुबड असलेली मुलगी निवडा. ते निवडतात. अख्खा गाव हसतो.

हीच सोगोलोन, पुढे मालीच्या राजाची राणी होते. तिचा मुलगा सुंजाता. सात वर्षांचा झाला तरी चालत नाही, रांगतो. एक दिवस सोगोलोन सवतीकडे भाजीसाठी बाओबाबचा पाला मागायला जाते. सवत म्हणते, माझा मुलगा सात वर्षांचा असताना मला पाला आणून देत होता, घे, तुझ्या लेकाला नाही जमणार. सोगोलोन रडत घरी येते. पोरगा म्हणतो, आई, आजच चालतो. लोहाराकडून लोखंडी कांब मागवतो, तिच्या आधाराने उठतो, कांब वाकून धनुष्यासारखी होते. आणि पाला तोडून आणत नाही. अख्खं झाड उपटून आईच्या दारात आणून टाकतो.

इथे कुबड जात नाही. सोगोलोन शेवटपर्यंत तशीच राहते, ती सुंदर होत नाही. नागाचा राजपुत्र वगैरे भानगड नाही. गोदाकाठताई, तुमच्या मुलीला ही द्या.

अवांतर: बाओबाब म्हणजे आपली गोरखचिंच. आफ्रिकेतूनच आलेली. तुमच्या आसपास एखादी असेल तर पोरांना बुंध्याला मिठी मारायला न्या. सात-आठ पोरांचे हात लागतील.

कातरवेळ:

"कुबड जात नाही." हो. मला इतका वेळ नेमकं हेच टोचत होतं. आपल्या कहाणीतही नावडतीची शेवटी आवडती होते. "नावडती आहे ती आवडती कर रे देवा." बदलायचं कुणी? तिने.

वऱ्हाडी_ठेचा:

चोखोबांचा वाकडा ऊस कसा कुणाला आठवला नाही? डोंगा ऊस, पण रस डोंगा नाही. आपल्याकडे इतकं असताना आफ्रिकेत कशाला जायचं?

चिकित्सक:

आठवला, म्हणूनच लिहिलं नाही. चोखोबा स्वतः त्या रांगेच्या बाहेर उभे राहून विचारत होते. आपण तो ऊस दुसऱ्याच्या पोरीच्या रंगाला सांत्वन म्हणून देतो, तेव्हा "तू वाकडी आहेस, पण..." असं आधी मान्य करून बसतो. काळी "असली तरी" गुणी. हा "असली तरी" मला नको आहे.

वऱ्हाडी_ठेचा:

हे पटलं बा. आमच्याकडे लग्नाच्या बैठकीत हा "तरी" दर दुसऱ्या वाक्यात येते.

अवांतर: दिवसा गोष्ट सांगितली की मामा वाट चुकते, असं आमची आजी म्हणे. आफ्रिकेत असं काही आहे का?

लागोसरिटर्न:

झुलू लोकांत आहे! दिवसा गोष्ट सांगणाऱ्याला शिंगं फुटतात. मामापेक्षा थेट शिक्षा.

आणि सुरुवातही ठरलेली. सांगणारी म्हणते "क्वेसुकेसुकेला", पोरं एकसुरात "चोसी". त्यातला पहिला "च" म्हणजे आपण हळहळताना जीभ दातांवर आपटून "च्च" करतो ना, तो आवाज. तिकडे ते अक्षर आहे. आपलं "आटपाट नगर होतं" तसंच. घानातले आकान लोक तर आधीच सांगून टाकतात, आम्ही जे सांगणार ते खरं आहे असं आमचं मुळीच म्हणणं नाही.

पोरांचा_मामा:

"च्च"वाली सुरुवात चोरली. आभार.

गोदाकाठ:

मंडळी, परवाचा रविवार झाला, म्हणून हजेरी.

संध्याकाळी सहानंतरच बसलो, शिंगांच्या भीतीने. "क्वेसुकेसुकेला" झालं, पोरांनी "च्चोसी" इतक्यांदा केलं की सिक्युरिटीवाले काका डोकावले. मग सोगोलोन सांगितली, लहान करून. कुबड ठेवलं. सवतीला "दुसरी राणी" केलं.

पाच डोक्यांच्या राजाचा शेवटही परत काढला. सात वर्षांच्या साहेबांना म्हटलं, ही गोष्ट तिकडचे लोक अशीच सांगतात, थोरली मरते. तुला नको असेल तर तू कशी सांगशील? त्याने सांगितली. थोरली परत जाते, उंदराला सॉरी म्हणते. उंदीर म्हणतो, आता उशीर झाला, मी घरी चाललो. मग तिची तिलाच वाट शोधावी लागते. तिला तीन दिवस लागतात. चिकित्सक, हा शेवट तुम्हाला चालेल का ते सांगा. मला थीलसाहेबांपेक्षा बरा वाटला.

आणि आमची मागच्या रांगेतली. तिला सोगोलोनबद्दल काही विचारावं म्हणून मी थांबले होते. तिने मला एकच विचारलं, "एवढं मोठं झाड दारात टाकलं, मग ती घरात कशी गेली?" मग पाच-सहा जणी मिळून खडूने झाड काढून, फांद्यांमधून दारापर्यंत वाट काढत बसल्या. पार्किंगमध्ये अजून आहे ते चित्र, गाडी लावायला जागा नाही म्हणून दोघांनी तक्रार केलीय.

पुढच्या रविवारी बिनआईची कुंबा. सर, तीन अंड्यांत नेमकं काय काय निघतं ते सवडीने लिहाल का? पोरं यादी मागणार.